तीन खुणांच्या आज्ञेची बखर

॥ श्री ॥ जो पूर्णास पूर्ण म्हणतो आणि अपुऱ्यासही पदरी घेतो, त्या गजाननास नमन. जिने बोलणारास वाणी आणि लिहिणारास हात दिला, त्या शारदेस नमन. दरबारी उभे राहोन ऐकणारांस नमन आणि बसोन ऐकणारा जो एकच, त्यासही नमन. श्रीमंतांचे राज्यारोहण शक एकवीस, विकारीनाम संवत्सर, ग्रीष्म ऋतू, ते समयी या राज्यात उतरणीच्या आज्ञेवरोन जे वर्तमान घडले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव लिहावयाची परवानगी नाही आणि नाव लिहोन तरी काय दिवे लागणार आहेत? राज्य होते, दरबार होता, नदी होती, येवढे पुरे.

या राज्यात यंत्रे बहुत. कोठारात यंत्र, नगारखान्यात यंत्र, बाजाराच्या काट्याला यंत्र, नदीच्या घाटावर यंत्र. सर्व यंत्रे तारांनी दरबाराशी जोडलेली आणि दरबारातून जी आज्ञा जाईल ती सर्वांनी त्याच क्षणी शिरसावंद्य मानावी ऐसी व्यवस्था. आणि यंत्रांची खोड ऐसी की मोजू लागली म्हणजे केसाइतके बारीक मोजावे, पोते साडेसात म्हणावे, पावणेआठ म्हणावे, त्याहूनही पुढे टिंब देऊन आकड्यांची शेपटी लावावी, आणि कोठीवाल्याने कपाळाला हात लावावा. मग पूर्वजांनी एक आज्ञा करविली की कोणताही अंक आला तरी त्यास खालच्या पायरीवर उतरवावे. साडेतीन आले तर तीन म्हणावे, पावणेआठ आले तर सात म्हणावे. तीस उतरणीची आज्ञा म्हणत. मूळची आज्ञा चार ओळींची होती. परंतु या राज्यास थोडक्याचे भारी वेड. श्रीमंतांचे आजोबा म्हणत की जो लांब बोलतो तो खोटे बोलतो, आणि हे वाक्यही त्यांनी पुढे आणखी तोकडे केले, ते आता कोणासच समजत नाही.

तेव्हा त्यांनीच रिवाज घातला तो ऐसा. सिंहासनाखेरीज दरबारात आसन एकच मांडावे. जो उतरणीची आज्ञा सर्वांत कमी खुणांत लिहील त्याने त्या आसनी बसावे आणि बाकी सर्वांनी, मग तो सेनापती असो की शास्त्री असो, उभे राहावे. कोणी एक खूण जरी कमी केली तरी बसलेल्याने उठावे आणि नव्याने बसावे. आसनापुढे कळांची फळी ठेविलेली, तीवर बसलेल्याने आज्ञा उमटवावी आणि ती तारांनी राज्यभर जावी. आज्ञा लांबविणे हे मात्र महापातक. लांबविणाराने जन्मभर दरवाजापाशी, जेथे लोक जोडे काढितात तेथे, उभे राहावे. आजवर कोणी लांबविली नव्हती. उभे राहोन राहोन सर्वांच्या पोटऱ्या भरोन येत, प्रधानांच्या टाचांना भेगा, सेनापतींच्या घोट्याला सूज, या लिहिणाराच्या कमरेचे तर विचारूच नये, आणि सर्वांची नजर रात्रंदिवस त्या एका गादीवर. दरबार कसला, नुसती चुळबुळ! एक पाय उचलला की दुसरा टेकला, दुसरा उचलला की पहिला टेकला, आणि श्रीमंतांनी वर पाहिले की सर्व खांबासारखे ताठ.

आणखी एक रिवाज सांगितल्यावाचून पुढले समजावयाचे नाही. श्रीमंतांच्या आजोबांस एके हिवाळ्यात डोंगरी किल्ल्यावरून वर्तमान आले की थंडी शून्याच्या खाली गेली. ते क्रोधायमान होऊन बोलिले, "आमच्या राज्यात शून्याच्या खाली जावयास जागा कोणी दिली?" मग किल्लेदाराची बदली जाहली आणि हुकूम सुटला की या राज्यात शून्याखाली काही नाही, आणि दरबारात शून्याखालचा अंक कोणी उच्चारू नये, लिहू नये, मनात आला तरी बाहेर जाऊन यावे. तेव्हापासोन थंडी जाहली तर 'हवा लाजली' म्हणत आणि नदीचे पाणी घाटावरील शेंदरी रेघेच्या खाली गेले तर 'पाणी नम्र जाहले' म्हणत. रेघ म्हणजे शून्य. त्याखाली खोल पाण्यात कासवखडक म्हणोन मोठा पाषाण, पाणी हातभराहून अधिक उतरले की तो नावेच्या पोटास लागतो. म्हणोन पाणी रेघेखाली हातापेक्षा केसभर जरी अधिक गेले तरी यंत्राने ते उणे दोनावर उतरवावे, आणि उणे दोन आले की तांबडे निशाण चढवोन नावा बंद कराव्या, ऐसी जुनी तजवीज. यंत्रास तोंड नाही, म्हणोन त्यास ही बंदी नव्हती, इतकेच.

त्या काळी आसनावर गिरमाजीपंत म्हणोन वृद्ध गृहस्थ बसत. त्यांची आज्ञा चार खुणांची: क्ष, दोन तिरपे दंड आणि एक. क्ष म्हणजे जो अंक येईल तो, दोन तिरपे दंड म्हणजे भागोन खालच्या पायरीवर उतरणे. कैक वर्षे त्या चारांतून कोणास एक खूण काढता आली नव्हती. गिरमाजीपंत रोज सकाळी येऊन, उपरणे सावरून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवोन बसत आणि बसताना "हुश्श" करीत, आणि तो हुश्श मागल्या रांगेपर्यंत ऐकू जाई आणि सर्वांचे पाय दुप्पट दुखू लागत. मनुष्य वाईट नव्हता. परंतु ऐसे हुश्श करणे बरे नव्हे.

उभ्यांमध्ये रंगोपंत म्हणोन एक तरुण होते. त्यांइतका अस्वस्थ प्राणी या लिहिणाराने दुसरा पाहिला नाही. चालताना बोटे नाचवीत, बोलताना मध्येच थांबोन भिंतीकडे पाहत, आणि जेवावयास बसले की वरणभातात बोटाने दंड काढीत आणि पुसोन पुन्हा काढीत. त्यांची स्त्री मथुबाई मोठी शहाणी आणि तोंडाची फटकळ. ती म्हणे, "ताटात अन्न आहे की पाटी? निदान घास तरी उचलावा, मग काय लिहायचे ते ताटाला लिहावे." रंगोपंतांनी हू म्हणावे आणि ताटालाच लिहावे. मग ती बाळंतपणास नदीपलीकडे माहेरी गेली आणि तिकडे कन्या जाहली, आणि रंगोपंतांनी आनंदाचे पत्र धाडिले, त्यात सारा कागद पाठपोट चार खुणांपैकी कोणती निघू शकेल याविषयी होता आणि कन्येचा उल्लेख तळाशी, शिक्क्याच्या वर. मथुबाईंनी उलट टपाली येवढेच कळविले की मुलगी नाकीडोळी छान आहे आणि तिच्या एकाही बोटाची काटछाट करू नये.

मग एके दिवशी सकाळी रंगोपंत अंगावर पाणी घेत होते, आणि अर्धा तांब्या डोक्यावर असताच त्यांस आठवले की यंत्राच्या भाषेत उभा दंड म्हणोन एक खूण आहे, ती अंकास शून्याशी जोडते आणि जोडताना टिंबापुढली शेपटी सहज गळोन पडते. क्ष, उभा दंड, शून्य. तीन खुणा! पंत ओरडले ते शेजारच्या आळीत ऐकू गेले, लोक आग लागली म्हणोन बादल्या घेऊन धावले, आणि पंत ओल्या धोतरानिशी दरबाराच्या वाटेला लागले. श्रीमंतांनी वर्दी ऐकोन तत्काळ सभा भरविली. परीक्षक वैजनाथशास्त्री यांस बोलावणे गेले. हे शास्त्री परीक्षेचे अंक रेशमी पिशवीत ठेवीत, सर्व शुभ, सर्व शून्यावरचे. त्यांनी साडेतीन घातले, यंत्राने तीन म्हटले. पावणेआठ घातले, सात म्हटले. श्रीमंतांच्या वयाचा अंक महिन्यांसह घातला, यंत्राने श्रीमंतांस काही महिन्यांनी लहान केले, ते श्रीमंतांस बहुत आवडले. शास्त्री बोलिले, "निर्दोष. आणि एक खूण कमी." दरबारात गलका उडाला.

मग गिरमाजीपंत उठले. उठताना गुडघा कटकन वाजला. त्यांनी फळीवरल्या तीन खुणांकडे पाहिले, मान तिरपी करोन पुन्हा पाहिले, तोंड उघडले आणि तसेच मिटले, आणि मागे जाऊन उभ्यांत उभे राहिले. रंगोपंत आसनी बसले. श्रीमंतांनी शालजोडी दिली आणि विचारिले, "कसे वाटते?" पंत म्हणाले, "मऊ आहे, श्रीमंत." सर्व दरबार जळफळला, आणि हा लिहिणारही जळफळला, खोटे कशास सांगा.

आता बसावयास मिळाल्यावर मनुष्याने बसावे की नाही? परंतु रंगोपंतांस बसवेना. तीनाच्या दोन होतात का, याची नवी टोचणी लागली. आसनावर मांडी या बाजूची त्या बाजूस करावी, कळांवर बोटे फिरवावी, हे टाक ते काढ, हे घाल ते पूस, आणि असे होता होता एके दुपारी, श्रीमंत वामकुक्षीस गेले असता, नुसत्या हाताच्या चाळ्याने त्यांनी यंत्रात उणे दीड हा अंक घातला. घातल्यावर त्यांनी आजूबाजूस पाहिले. कोणाचे लक्ष नव्हते. मग त्यांनी यंत्राकडे पाहिले. यंत्र म्हणत होते, उणे एक.

येथे वाचणाराने जरा थांबोन पाहावे. जिन्यावर उभे राहिले आणि खालच्या पायरीवर जा म्हटले, तर मनुष्य जमिनीच्या वर असो की तळघरात असो, तो खालीच जातो. उणे दीडाच्या खालची पायरी उणे दोन. गिरमाजीपंतांच्या चार खुणा ऐशाच खाली उतरत. परंतु रंगोपंतांच्या तीन खुणा उतरतच नव्हत्या, त्या फक्त शेपटी तोडीत होत्या. शून्याच्या वर शेपटी तोडली काय आणि उतरले काय, एकच. शून्याच्या खाली शेपटी तोडली तर मनुष्य उतरावयाच्या ऐवजी वर चढतो. हे बाजारातला एक पोरही पाटीवर करोन पाहता, परंतु शून्याखाली पाहावयाचेच नाही ऐसा जेथे रिवाज, तेथे पाहणार कोण? शास्त्र्यांची पिशवी तर रेशमाची होती.

रंगोपंतांनी तो अंक पुसला. मग मनाशी बोलू लागले की राज्यात शून्याखाली काही नाही हा श्रीमंतांच्या आजोबांचाच हुकूम, तेव्हा चूक कोठे जाहली? जेथे काही नाहीच तेथे आज्ञा चुको की न चुको. आणि कोठारात उणे पोते कोणी पाहिले आहे? नगाऱ्यावर उणे टोला कोणी दिला आहे? ऐसे म्हणोन घरी गेले, जेवले नाहीत, दुसरे दिवशी आले, बसले, उठले, पुन्हा बसले. एवढी मऊ गादी, आणि तीवर हा मनुष्य निखाऱ्यावर बसावा तैसा बसू लागला. लोक म्हणत, नव्या सुखाची सवय नाही. घाटावरचे यंत्र त्यांस आठवले नसेल ऐसे म्हणावे, तर ज्याची बायको नदीपलीकडे आहे त्यास घाट आठवत नाही हे कोण मानील? आठवले. आणि आठवले म्हणोनच दुसऱ्या गोष्टींचा विचार करीत बसले.

ग्रीष्म वाढला आणि पाणी नम्र होत चालले. एके दिवशी दरबारात वर्तमान आले की हिरवे निशाण असता सोडलेली एक नाव कासवखडकावर घासली, फळी उचकटली, माणसे गळ्याइतक्या पाण्यातून ओढोन काढिली, एका कासाराची बांगड्यांची पेटी गेली आणि त्याचा हात मोडला. श्रीमंतांनी विचारिले, "निशाण हिरवे होते?" "हिरवे होते, श्रीमंत." "मग यंत्र चुकत नाही, नावाडी चुकला." तुको म्हणोन नावाडी होता, त्यास बेडी घातली. तो बिचारा हात जोडोन म्हणत होता, "मायबाप, पाणी लई नम्र झालं होतं, पर निशाण हिरवं, मी कसा थांबणार?" रंगोपंत आसनावर होते. त्यांचा चेहरा राखेसारखा जाहला. त्यांनी कळांवर बोटे ठेविली आणि काढोन घेतली आणि उपरण्याच्या टोकाने गळा पुसला. बोलले नाहीत. हे या लिहिणाराने डोळ्यांनी पाहिले आणि तेव्हा वाटले की उकाड्याने असेल.

पुढे ऐसे जाहले की एके दिवशी माध्यान्ही मथुबाईंच्या माहेरचा जासूद दूरच्या दगडी पुलावरोन घोड्याने आला आणि भर दरबारात पंतांच्या कानाशी लागोन बोलिला की बाईसाहेब बाळासह दुपारच्या नावेने निघतात, पुलाचा रस्ता दगडधोंड्यांचा, गाडीत तान्ह्या पोरीस हिसके बसतील म्हणोन नाव बरी ऐसे ठरले. "पाणी रेघेखाली पावणेदोन हात नम्र आहे," जासूद बोलिला, "परंतु निशाण हिरवे आहे, काळजी नसावी."

काळजी नसावी! पंतांनी बोटांवर मोजले. पावणेदोन खाली, म्हणजे उतरले तर उणे दोन आणि तांबडे. आणि त्यांच्या तीन खुणांनी उणे एक आणि हिरवे. ते आसनावरोन उठले. उठले ते सरळ मागल्या रांगेत गिरमाजीपंतांकडे गेले आणि त्यांचा हात धरोन खांबाआड ओढीत नेले. "काका, मजवर उपकार करा. तुमच्या चार खुणा पुन्हा मांडा. आसन तुमचे. मी आनंदाने उठतो."

गिरमाजीपंत म्हणाले, "चारांनी तीन उठत नाहीत, बाबा. मी मागितले तर श्रीमंत हसतील. ज्याने आज्ञा बसविली त्यानेच ती उठवावी लागते, आणि कशासाठी ते मोठ्याने सांगावे लागते."

"माझी आज्ञा खाली चुकते, काका."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"तू बसलास आणि मी उठलो, तेव्हाच दिसले. हे जिना उतरणे नव्हे, हे शेपूट तोडणे आहे, येवढे मला कळत नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?" रंगोपंतांचा आवाज चढला. "अहो, बोलायचे होते! तिथल्या तिथे कान उपटायचे होते माझे!"

"उठविलेला मनुष्य बोलला की लोक म्हणतात जळतो. आणि जळतच होतो." म्हाताऱ्याने डोळे पुसले. "आणि उणे म्हणावयाची मलाही भीती. त्या किल्लेदाराचा मी नातू, रंगोबा. पण तू कधीपासून जाणतोस, ते सांग. मी विचारीत नाही, नको सांगू. जा आता. नाव थांबणार नाही."

मग रंगोपंत सिंहासनापुढे गेले. श्रीमंत बोलिले, "पंत, बसा. ज्यास बसावयाचे त्याने उभे राहू नये, बाकीच्यांस उगाच आशा लागते." परंतु पंत बसले नाहीत, मुजरा केला आणि भर दरबारात, स्वच्छ आवाजात म्हणाले, "श्रीमंत, उणे पावणेदोन."

वैजनाथशास्त्र्यांनी दोन्ही कानांत बोटे घालोन "शिव शिव" म्हटले, आणि एका सरदाराने घाबरोन मनात आलेला अंक बाहेर टाकण्यासाठी दरवाजाकडे धाव घेतली. श्रीमंतांचा चेहरा लाल जाहला. ते म्हणाले, "आमच्या राज्यात शून्याखाली काही नाही."

"पाणी आहे, श्रीमंत."

"नाही."

"मग ज्या पाण्यावर माझी बायको आणि लेक येत आहेत, ते कोणाच्या राज्यातले?"

श्रीमंतांस उत्तर सुचेना, आणि उत्तर सुचेना म्हणजे ते हुकूम देत, म्हणोन ते हुकूम देणार इतक्यात पंतच बोलू लागले, भडाभडा बोलू लागले, की माझी आज्ञा खोटी, ती उतरत नाही, ती तोडते, तुको नावाडी निर्दोष, त्याची बेडी माझ्या पायात घाला, कासाराचा हात मी मोडला, परंतु आधी मला चार खुणा उमटवू द्या, मान हलवा, श्रीमंत, नुसती मान हलवा. प्रधान ओरडले, "लांबविता? शुद्धीवर आहात का?" श्रीमंतांनी मान हलविली नाही. ते म्हणाले, "आज तुम्ही लांबविलीत तर उद्या प्रत्येक जण लांबवील. मग थोडक्यात ऐसे काय राहिले?"

तेव्हा रंगोपंत मान हलावयाची वाट न पाहता वळले, आसनावर न बसता वाकोनच कळांची फळी गाठली, आणि ज्या खुणेसाठी त्यांनी वर्षानुवर्षे अन्न गोड लागू दिले नाही ती खूण स्वहस्ते परत घातली. क्ष, तिरपा दंड, तिरपा दंड, एक. शिपाई धावले तोवर आज्ञा तारांनी गेली होती. पंत शिपायांच्या हाताला हिसडा देऊन खिडकीशी गेले. तेथोन घाट दिसतो. नाव पैलतीरावरोन सुटली होती, शिडावर ऊन पडले होते, आणि घाटावर हिरवेच निशाण होते. मग ते खाली उतरले आणि तांबडे वर चढले. नाव चालतच राहिली. पंतांनी खिडकीचा गज धरिला आणि "बघ रे, वर बघ, बाबा, वर बघ," ऐसे पुटपुटू लागले, आणि सर्व दरबार, ज्यांस जागचे हलावयाची बंदी तो सर्व दरबार, त्यांच्या मागे येऊन खिडकीत दाटला, आणि श्रीमंतही सिंहासनावरोन उठोन टाचा उंचावोन पाहू लागले. नाव पाण्यात अडखळल्यासारखी जाहली, तोंड फिरविले आणि पैलतीराकडे परत निघाली. कोणी तरी "हर हर महादेव" म्हटले. गिरमाजीपंत भिंतीला टेकोन खालीच बसले आणि त्यांस उठा म्हणावयाचे कोणास सुचले नाही.

मथुबाई पुलाच्या वाटेने गाडीतून आल्या त्या दिवेलागणीस. धुळीने माखलेल्या, कमर धरलेली, मांडीवर पोर झोपलेली. रंगोपंत वेशीपर्यंत सामोरे गेले होते. त्यांनी लेक हातात घेतली, प्रथमच पाहिली, आणि घळाघळा रडू लागले आणि सर्व हकीकत सांगोन टाकिली, काही लपविले नाही. आपण आसन सोडिले, उद्यापासोन जोड्यांपाशी उभे राहणार, तुकोची बेडी काढविली, हे सर्व सांगितले. त्यांस वाटले की मथुबाई जवळ येतील, पाठीवरोन हात फिरवितील. बाईंनी पोरीच्या अंगावरले पांघरूण सारखे केले आणि विचारिले, "इकडे हे कधीपासून ठाऊक होते?"

पंत म्हणाले, "आसन मिळाले, त्यापुढे थोडेच दिवसांनी."

मथुबाई म्हणाल्या, "मग मधल्या दिवसांत जी माणसे नावेत बसली, ती कोणाचीच कोणी नव्हती काय?"

मथुबाईंनी लेक परत घेतली आणि त्या घराकडे चालू लागल्या, आणि पंत मागोमाग गेले.

सारांश ऐसा की आज्ञा पुन्हा चार खुणांची जाहली आणि तशीच चालते. आसन रिकामे आहे, आणि श्रीमंत म्हणतात की रिकामे आसन तिहींपेक्षाही थोडके, म्हणोन ते तसेच ठेवावे. ही बखर दरबारी वाचली तेव्हा मर्जी जाहली की मजकूर फार लांबला, निदान शेवटला बाईचा प्रश्न तरी गाळावा, त्यावाचून अर्थ पूर्ण होतो. लिहिणाराने मुजरा करोन होय म्हटले आणि गाळला नाही. तो आता रंगोपंतांशेजारी जोड्यांपाशी उभा असतो. लेखनसीमा.